कोऱ्या चाकांची गाडी

माझे पाय गेले, असं म्हणायला लोकांना फार आवडतं. पाय कुठेही गेलेले नाहीत. जागेवर आहेत, त्यांना मोजे घालते, त्यांची नखं कापते, फक्त ते माझं ऐकत नाहीत. नसांचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणारा, असं डॉक्टर म्हणाले, आणि 'हळूहळू' हा शब्द त्यांनी हातावर पेढा ठेवावा तसा ठेवला. घरात मी भिंत धरून, टेबल धरून सगळीकडे फिरते. भाकऱ्या बसून थापते. पण सोसायटीच्या गेटबाहेर पडले की पहिल्या दुकानापर्यंत जाईतो गुडघ्यांतला जीव निघून जातो.

आमच्याकडे व्हीलचेअर होती. नवरा ढकलायचा. तो अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होता, आता रिटायर्ड आहे, आणि माझी खुर्ची हेच त्याचं नवं मशीन झालं होतं. चाकांना तेल घालायचा, ब्रेक तपासायचा, मग मला बसवून कात्रपच्या रस्त्याने निघायचा. काळजी इतकी की विचारू नका. पण मी म्हणायचे, डावीकडे घ्या, भाजी बघते, आणि खुर्ची सरळ जायची, कारण डावीकडे खड्डे होते. भाजीवाला माझ्या डोक्यावरून त्याला विचारायचा, "काका, काकूंना मेथी चालेल का?" काकू समोर बसल्या आहेत, काकूंना तोंड आहे, काकूंनी सगळा जन्म शाळेत पोरांना गप्प बसवण्यात घालवला आहे, पण एकदा खुर्चीत बसल्या की काकूंचं सामान होऊन जातं.

मला एकटीने बाहेर जायचं होतं. गोष्ट एवढीच होती. कुठे चालले हे कोणाला न सांगता खाली उतरायचं, मनात येईल तिथे वळायचं आणि वाटेल तेव्हा परत यायचं. पुढेमागे बोधगयेला जायचंही मनात होतं, पण ती मोठी गोष्ट. आधी कोपऱ्यावरचं मेडिकल तरी मला माझं मी गाठायचं होतं.

म्हणून मोबिलिटी स्कूटर घ्यायची ठरली. बॅटरीवर चालणारी, बसून चालवायची, हँडलवरची पट्टी अंगठ्याने दाबली की पुढे जाणारी. फोनवर शोधलं तर प्रत्येक जाहिरातीत गोरी म्हातारी माणसं गुळगुळीत फुटपाथवर हसत चालली होती आणि गाडी मोटारीच्या डिकीत कशी मावते ते दाखवलं होतं. आमच्याकडे डिकी नाही, रिक्षा आहे. फुटपाथ तर नाहीच. नवऱ्याने टेप काढून लिफ्ट मोजली, रिक्षाची मागची जागा मोजली, आमच्या दाराची चौकट मोजली. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, जड उचलायला मनाई. म्हणजे गाडी हलकी हवी, घडी पडणारी हवी, आणि बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावता आली पाहिजे. शिवाय आमच्या रस्त्यांवरून चालली पाहिजे, ही अट जाहिरातवाल्यांच्या स्वप्नातही नव्हती.

कॅम्प तीनच्या बाजारात सगळं मिळतं, फक्त शांतता मिळत नाही. तिथल्या एका सर्जिकल सामानाच्या दुकानात आम्ही गेलो. तिथे मी पुष्कळ गाड्यांवर बसून पाहिलं. एक तीनचाकी होती, हलकी, पण वळताना एका बाजूला कलायची. चारचाकी भक्कम होती, पण ती उचलायला दोन माणसं आणि नवऱ्याचे टाके लागले असते. एकीची सीट इतकी उंच की पाय लोंबकळत राहिले. एक सगळ्या बाबतीत चांगली होती, पण पोट जमिनीला टेकेल इतकी खाली, आणि आमच्याकडचे गतिरोधक कोणी तरी सूड उगवायला बांधल्यासारखे. मी सगळ्यांना नावं ठेवली. दुकानदार सिंधी होते, धीराचे. शेवटी त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. माझी उंची, चष्मा, काठी, सगळं पाहिलं.

"माँजी, एक गाडी है. दुकान की नहीं, पीछे गली में एक घर में है," ते म्हणाले. "बाहर से मंगाई हुई, एकदम हल्की. वो लोग किसी को भी नहीं देंगे, पर आपको शायद दे दें."

मला शायद का देतील, हे मी विचारलं नाही. हलकी हा शब्द ऐकला आणि मी हुरळले.

मागच्या गल्लीत खाली जीन्सचे कारखाने आणि वर घरं. शिलाई मशिनींचा आवाज इतका की बोलताना ओरडावं लागत होतं. जिना अरुंद आणि उभा. मी म्हटलं, गाडी खाली आणा, इथेच बघते. वरून एक बाई उतरल्या, चाळिशीच्या, डोक्यावर ओढणी. दुकानदारांनी त्यांच्याशी सिंधीत काही तरी बोलणं केलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नहीं आंटी, ऊपर आना पड़ेगा." खालच्या कारखान्यातल्या दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून वर नेलं. नवरा मागून "सावकाश, सावकाश" म्हणत येत होता.

हॉलमध्ये गाडी होती. तिच्यावर पांढरी चादर घातली होती आणि तिचं तोंड गॅलरीकडे होतं. बाईंनी चादर काढली. सासूबाईंची गाडी, त्या म्हणाल्या, त्या याच महिन्यात गेल्या.

मी बसले. सांगायला विचित्र वाटतं, पण त्या दुकानातल्या सगळ्या गाड्यांवर मला कुठे ना कुठे टोचत होतं, आणि इथे काहीच टोचलं नाही. सीटची उंची माझी होती. पाठ माझ्या पाठीला जिथे हवी तिथे टेकली. उजवा हात हँडलवर ठेवला तर पट्टीवर अंगठ्याच्या जागी रंग उडून आतलं प्लास्टिक गुळगुळीत झालं होतं, आणि माझा अंगठा बरोबर त्या जागी जाऊन बसला. नवरा वाकून खालून गाडी बघत होता. मशीन शॉपचा माणूस, त्याचं लक्ष अशा ठिकाणी आधी जातं.

"चाकं कोरी आहेत," तो हळू आवाजात मला म्हणाला. "नव्या टायरवर असतात त्या रबराच्या बारीक काड्या पण तुटलेल्या नाहीत. आणि हँडल बघ किती झिजलंय. असं कसं?"

"वापरली नसेल फार," मी म्हणाले. मला गाडी हवी होती, चौकशी नको होती.

बाई पैसे घ्यायला तयार होईनात. मला राग आला. फुकट मी कोणाचं काही घेत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, ठीक आहे, आपको जो देना है दो, पर पहले थोड़ा खा लो. ताट आलं. पुऱ्या, पालकाची दाट भाजी, शेवेची बर्फी. मी खुर्चीत बसायला उठू लागले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यहीं बैठ के खाओ." मग मी गाडीवर बसूनच जेवले. घरातली सगळी माणसं भिंतीला लागून उभी राहिली आणि मी खात असताना एकही जण बोलला नाही. पुरी तोंडात फिरत राहिली. खालच्या मशिनींची थरथर गाडीतून माझ्या पायांत येत होती, आणि पायांना किती तरी दिवसांनी काही तरी जाणवत होतं.

गाडीबरोबर त्यांनी छत्री दिली, एक शाल दिली, चपलांचा नवा जोड पुढे केला. चपला मी नाकारल्या. मी चपला घालून करू काय? निघताना बाईंनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. वयाचा मान, असं मी समजले. नवऱ्यालाही बरं वाटलं.

त्यानंतरचे काही दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी एकटी लिफ्टने खाली जायचे. गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळायचे, खड्ड्यांसकट. भाजीवाल्याने मला विचारलं, "काकू, मेथी?" आणि मी त्याला म्हणाले, "नको, पिवळी पडलीय." असा आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. गाडी गतिरोधकावरून जायची, रिक्षात घडी होऊन बसायची, नवऱ्याला एका हाताने उचलता यायची. आम्ही तिला घेऊन बारवी धरणाच्या बाजूलाही जाऊन आलो.

फोन पहिल्याच आठवड्यात सुरू झाले. त्या सूनबाईंचे. संध्याकाळी फोन यायचा. मला वाटलं, गाडीची चौकशी असेल, बॅटरी कशी आहे वगैरे. पण गाडीबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही.

"आज किधर गए थे?"

मी सांगितलं, बाजारात गेले होते.

"धूप तो नहीं लगी? खाना खाया?"

मला माया वाटली. परकी बाई, पण किती आपुलकी. मी सविस्तर सांगू लागले. बारवीचं सांगितलं त्या दिवशी त्या एकदम हळू म्हणाल्या, "पानी देखा? हवा ठंडी थी?" मी म्हटलं, हो. "अच्छा. बहुत अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्या रडत आहेत हे मला कळलं. कधी तरी 'आंटी'चं 'मम्मी' झालं. सिंधी घरात म्हणत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

मला गोडाचा तिटकारा आहे. बुद्धजयंतीची खीरसुद्धा मी चमचाभरच घेते. एका दुपारी मी मिठाईच्या दुकानापुढे गाडी थांबवली आणि शेवेची बर्फी घेतली. का घेतली ते मला सांगता येणार नाही. तिथेच झाडाखाली बसून मी सगळी संपवली. संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न आला, "मम्मी, आज मीठा खाया ना?" मी घाईघाईने नाही म्हणाले. खोटं का बोलले, तेही मला सांगता येणार नाही. नंतर मला जेवण गेलं नाही.

पण खरा काटा अंगावर आला तो अंबरनाथला. नवऱ्याला तिथलं जुनं दगडी देऊळ पाहायची हौस. तो देवाला जात नाही, मीही नाही. तो कोरीवकाम पाहायला जातो, कुठल्या हत्याराने कसं कोरलं असेल याचा विचार करत तासन् तास उभा राहतो. तिथे पायऱ्या उतरायच्या होत्या, म्हणून मी बाहेरच थांबले, बेलफुलांच्या दुकानांजवळ. तिथे मी जन्मात कधी थांबले नव्हते. एक म्हातारी फुलवाली उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या गाडीच्या टोपलीत बेलाची पानं आणि पांढरी फुलं ठेवू लागली.

"मावशी, मला नकोत," मी म्हणाले.

"असं काय करता? नेहमीचीच हायेत," ती म्हणाली. "किती दिसांनी आलात. मला वाटलं, आता काय येत नाय. आज सूनबाई नाय आली संगती?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी समजताय."

ती हसली आणि माझ्या गालावरून हात फिरवून तिने बोटं मोडली. "म्या वळखत नाय व्हय तुमास्नी?" ती म्हणाली आणि पैसे न घेता जागेवर जाऊन बसली.

नवरा आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, विकणाऱ्यांची रीतच असते ती. गाडी ओळखली असेल. ती बाई यायची असेल याच गाडीवरून." मला ते पटलं. लोक गाडी बघतात, वरचं माणूस बघत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी मी ती फुलं रस्त्यात टाकून दिली नाहीत. घरी आणून पाण्यात ठेवली आणि मग दिवसभर त्या वाटीकडे पाठ करून बसले.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी चहाला आल्या तेव्हा मी त्यांना सगळं हसत हसत सांगितलं. पुरी-भाजीचं, छत्री-शालीचं, पाया पडण्याचं. त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, हे शय्यादान झालं."

मला शब्द माहीत होता, अर्थ त्यांनी सांगितला. गेलेल्या माणसाचं अंथरूण, छत्री, चपला, त्याच्या आवडीच्या वस्तू बाराव्या दिवसाच्या सुमाराला कोणाला तरी देतात. देताना त्याला त्या वस्तूवर बसवतात, जेवू घालतात, पाया पडतात. बहुतेक ब्राह्मणाला देतात, पण कोणी कोणी ज्याला गरज आहे त्याला देतात. मग तो जे खातो ते गेलेल्याला पोचतं. तो जिथे फिरतो तिथे गेलेलं माणूस फिरतं. "तुम्ही त्यांच्या सासूबाईंच्या जागी बसलात," वहिनी म्हणाल्या. "म्हणून त्या रोज विचारतात, आज कुठे गेला होतात."

वहिनी गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण मला आठवली माझी आई. आईचं लहानपण मुरबाडकडच्या खेड्यात गेलं. गावात कोणी मेलं की मढ्यावरचं कापड हा आमचा हक्क, असं गावाने ठरवलेलं. माझे आजोबा ते घेऊन यायचे आणि त्यातून आईला परकर शिवायचे. आई म्हणायची, धुतलं तरी त्याचा वास जात नव्हता. छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर गावात पहिलं मढं निघालं तेव्हा आजोबा गेले नाहीत. गाव दारात आला तरी गेले नाहीत. आईने आम्हा मुलांना एकच नियम बजावून बजावून दिला होता: "उपाशी मेलो तरी चालंल, पन मढ्यावरचं घ्याचं नाय." आमच्या घरी आजवर कोणाचं काही घेतलं नाही. मी पैसे दिले म्हणून मला वाटलं, खरेदी झाली. इतकी शिकली-सवरलेली मी, भिंतीला लागून उभ्या असलेल्या माणसांसमोर बसून मढ्यावरचं जेवले, पायांवर डोकं ठेवू दिलं आणि गाडी घेऊन आले. आईसमोर उभं राहता आलं नसतं मला.

संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला नाही. तो परत परत वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी नवरा बँकेत गेला तेव्हा मी त्याला न सांगता निघाले. खाली स्पेशल रिक्षा केली, रिक्षावाल्याने गाडी घडी करून आत ठेवली आणि मी कॅम्प तीनला गेले. गाडी परत देणार होते. पाय नसले तरी चालतील, हे मी वाटेत स्वतःला बजावत होते, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येत होतं, कारण ते खोटं होतं. गाडी दिली की मी पुन्हा सामान होणार होते.

गल्लीत मी खालीच थांबले. सूनबाई धावत उतरल्या. मी रागाने जे बोलायचं ते बोलले. म्हणाले, मला फसवलंत. आमच्यात हे चालत नाही. मी पैसे दिले होते. "वो पैसे तो हमने दरबार में चढ़ा दिए, मम्मी के नाम से," त्या म्हणाल्या. दरबार म्हणजे त्यांच्या गुरूंचं देऊळ. मग जिन्याच्या पायरीवर माझ्यासमोर बसल्या.

"लौटाना है तो लौटा दो," त्या म्हणाल्या. "पर वो फिर ऊपर ही बैठेंगी."

मी विचारलं, ऊपर म्हणजे?

त्यांनी सांगितलं ते असं. परदेशातल्या मुलाने आईसाठी गाडी पाठवली. पण जिना असा. खाली गर्दी, टेम्पो, कुत्रे. पडल्या तर? हाड मोडलं तर? घरातल्या सगळ्यांचं त्यांच्यावर प्रेम. सासूबाई रोज संध्याकाळी तयार होऊन गाडीवर बसायच्या, गॅलरीकडे तोंड करून, आणि पट्टी दाबत राहायच्या. चावी सूनबाईंकडे असायची. त्या म्हणायच्या, "मम्मी, कल ले चलेंगे." असं किती दिवस चाललं, ते त्यांनी सांगितलं नाही. एका संध्याकाळी सासूबाई तशाच बसल्या असताना गेल्या. अंगठा पट्टीवर होता.

"एक बार भी नीचे नहीं उतरी ये गाड़ी," सूनबाई म्हणाल्या. "पहली बार आप ले के उतरे."

मग चाकं कोरी का होती ते मला कळलं. आणि दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी हँडल घट्ट धरलं. अंबरनाथच्या त्या फुलवालीने ही गाडी कधी पाहिलेलीच नव्हती.

मी विचारलं, तुमच्या सासूबाई कधी त्या देवळात जायच्या का? "हर सोमवार," त्या म्हणाल्या. "मैं साथ जाती थी. पर वो तो पैरों से चलते थे तब." त्यांनी फोनवर सासूबाईंचा फोटो दाखवला. गोऱ्या, लांबट चेहऱ्याच्या, घाऱ्या डोळ्यांच्या, चष्मासुद्धा नाही. माझ्याशी त्यांचं काडीचंही साम्य नव्हतं. त्या म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा ती कोणाला ओळखत होती, ते मला आजही ठाऊक नाही, आणि मी ते शोधायला पुन्हा तिथे जाणार नाही.

गाडी मी परत दिली नाही. आईचा नियम मोडला, हे मला मान्य आहे. पण आजोबांनी जे नाकारलं ते कापड प्रेताला नकोसं झालेलं होतं. ही गाडी त्या बाईला हवी होती आणि तिला ती मिळाली नव्हती. मला दोन्हींत फरक वाटतो. माझ्या बहिणीला वाटत नाही, ती माझ्याशी बोलत नाही. सूनबाईंना मी एवढंच सांगितलं की मला मम्मी म्हणू नका आणि फोन करू नका. मी जिथे जाईन तिथे मी जाईन, दुसरं कोणी नाही. त्यांनी मान हलवली. माझ्या मागे कोणी तरी उभं असल्यासारखं त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, पण मी मागे वळले नाही.

घरी आले तर नवरा दारातच होता. पांढराफटक पडलेला. मी फोन घरी विसरले होते. त्याने सोसायटीत सगळ्यांना विचारलं होतं, मेडिकलवाल्याला विचारलं होतं, हॉस्पिटलला फोन लावले होते. मला पाहून तो आधी ओरडला. आम्ही इतकी वर्षं संसार केला, पण तो माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. मग रडला. मीही रडले. त्याने मला धरून आत नेलं, पाणी दिलं, चहा केला. मी त्याची माफी मागितली आणि मनापासून मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी साडी बदलली, केस विंचरले आणि पॅसेजमध्ये जाऊन गाडीवर बसले. चावी नव्हती. हुकावर नव्हती, टोपलीत नव्हती. नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याचा शर्टाचा खिसा जड दिसत होता.

"अहो, चावी?"

"आज नको," तो म्हणाला. आवाज इतका मऊ होता. "काल किती जीव टांगणीला लागला होता माझा. उद्या जाऊ. मी येतो ना तुझ्याबरोबर."

मी घाबरले. देवळाबाहेर घाबरले नव्हते, फोन वाजत राहिला तेव्हा घाबरले नव्हते, इतकी त्या मऊ आवाजाला घाबरले. तो वाईट माणूस नाही. माझ्यावर त्याच्याइतकं प्रेम या जगात कोणी करत नाही, आणि त्या घरातही कोणी वाईट नव्हतं.

"द्या ती चावी," मी म्हणाले. "नाहीतर मी गेल्यावर तुम्ही ही गाडी कोणाला तरी द्याल. तिला जेवायला घालाल. आणि रोज तिला फोन करून विचाराल, आज कुठे जाऊन आलात."

पेपर त्याच्या हातात तसाच राहिला. मग तो उठला, खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. त्याच्याजवळ थांबावं, असं मला फार वाटलं. पण मी लिफ्टचं बटण दाबलं आणि खाली गेले.